खासगी गुप्तहेराची पहिली कादंबरी: संहितेपासून विक्रीपर्यंत

रहस्यकथांचा वाचक लेखकाचं नाव पुष्कळदा विसरतो, गुप्तहेराचं मात्र विसरत नाही. ‘त्याचं पुढचं पुस्तक आलं का?’ असं तो विचारतो, तेव्हा ‘त्याचं’ म्हणजे त्या गुप्तहेराचं. नव्या लेखकाने आणि नव्या लेखकांना छापणाऱ्या लहान प्रकाशकाने एवढं ध्यानात ठेवलं, की करारातली कलमं, मुखपृष्ठ, पुस्तकांचा क्रम, किंमत हे सगळे निर्णय बरेच सोपे होतात. विकायचा असतो तो गुप्तहेर. पहिलं पुस्तक म्हणजे त्याची पहिली ओळख, आणि ओळख पटली तरच दुसरं पुस्तक खपतं.

पायरी १: पुस्तकाचा कप्पा ठरवा

पोलीस तपासकथा, हौशी शोधकाची कथा, थरारकथा आणि खासगी गुप्तहेराची कथा यांचे वाचक काही प्रमाणात एकच असले, तरी त्यांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. ‘प्रायव्हेट आय रायटर्स ऑफ अमेरिका’ ही संस्था १९८१ साली स्थापन झाली आणि या प्रकारच्या लेखनाला ती शेमस पुरस्कार देते. त्यात पहिल्या कादंबरीसाठी वेगळा विभाग आहे. या पुरस्कारासाठीची गुप्तहेराची व्याख्या आपल्याला उपयोगी पडते: तपासाच्या कामाचे पैसे घेणारा, पण सरकारी यंत्रणेच्या नोकरीत नसलेला माणूस. त्यामुळे अशिलासाठी शोध घेणारा वकील किंवा बातमीदारही या कप्प्यात बसू शकतो. ठाण्यातला निरीक्षक बसत नाही.

या दोन अटींमधूनच कथेचा सगळा ताण येतो. गुप्तहेराकडे वॉरंट नसतं, अटकेचा अधिकार नसतो, प्रयोगशाळा नसते. विचारणं, पाळत ठेवणं, सर्वांना खुली असलेली कागदपत्रं चाळणं आणि माणसं ओळखणं एवढ्यावर त्याला काम भागवावं लागतं. नव्या लेखकांच्या संहितांमध्ये वारंवार दिसणारा दोष म्हणजे पोलिसातला मित्र. चाळिसाव्या पानावर तो फोनचे तपशील देतो, नव्वदाव्या पानावर शवविच्छेदनाचा अहवाल देतो, दीडशेव्या पानावर गाडीच्या मालकाचं नाव. असं झालं की ती पोलीसकथाच होते, फक्त नायकाला गणवेश नसतो. असा मित्र एकदाच वापरा, आणि त्या मदतीची किंमत गुप्तहेराला मोजायला लावा.

कप्पा ठरल्याचा फायदा विक्रीतही होतो. पुस्तकव्यवहारात ‘बायसॅक’ ही विषयवारी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यात रहस्यकथांमधल्या खासगी गुप्तहेरांसाठी एफआयसी ०२२०९० असा स्वतंत्र संकेतांक आहे. नुसतं ‘रहस्यकथा, सर्वसाधारण’ असं नोंदवलं तर पुस्तक फार मोठ्या गर्दीत जातं. नेमका संकेतांक दिला की ते योग्य शेजाऱ्यांमध्ये दिसतं.

लांबीचंही इथेच ठरवा. इंग्रजीत अशी कादंबरी साधारण ६० ते ९० हजार शब्दांची असते. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. शब्दांपेक्षा छापील पानं मोजा. २०० ते २८० पानं ही या प्रकाराला मानवणारी लांबी आहे. त्याहून जाड पुस्तकात बहुतेक वेळा मधला तपास गोल गोल फिरत असतो.

पायरी २: छापण्याआधी रहस्य तपासून घ्या

या कामात घाई केली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो, म्हणून इथे वेळ घालवा.

आधी दोन कागद तयार करा. पहिल्यावर गुन्हेगाराचं वेळापत्रक: वार, तारीख, वेळ, ठिकाण, सोबत कोण. गुन्हा जसा घडला तसा, कथेत तो जसा उलगडतो तसा नव्हे. दुसऱ्यावर धाग्यांचा, म्हणजे उलगड्याकडे नेणाऱ्या खुणांचा तक्ता. त्यात पाच रकाने असावेत: धागा कोणता, कोणत्या पानावर दिसतो, तेव्हा वाचकाला तो काय वाटतो, त्याचा खरा अर्थ काय, आणि उलगड्यात तो कुठे वापरला. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो धागा लोंबकळतो आहे. तिसरा आणि चौथा रकाना सारखाच असेल तर धागा उघडा पडला आहे. दुसरा रकाना रिकामा आणि शेवटचा भरलेला असेल तर तुम्ही वाचकाला फसवलं आहे. हा शेवटचा दोष वाचक कधीच माफ करत नाही.

गुन्हेगार पहिल्या चतुर्थांशात, बोलत्या भूमिकेत दिसायला हवा. चकवे दोन-तीन पुरेत, आणि प्रत्येक चकव्याला स्वतःचं खरं कारण हवं: तो माणूस खोटं बोलला ते खून लपवायला नव्हे, तर दुसरंच काही लपवायला. पात्रांची नावं एकाच अक्षराने सुरू करू नका. सुधीर, सुरेश आणि सुनील हे तिघे संशयित असतील तर वाचक शंभराव्या पानावर हरवतो, आणि दोष स्वतःला न देता पुस्तकाला देतो.

आता चाचणी वाचक. पाच ते सात जण हवेत, घरचे नकोत. संहिता त्यांना तीन भागांत द्या: पहिला चतुर्थांश, मग निम्म्यापर्यंत, मग उलगड्याच्या अगदी आधीपर्यंत. प्रत्येक टप्प्यावर दोनच प्रश्न विचारा: संशय कुणावर, आणि कोणत्या पानामुळे? उत्तर लिहून घ्या. तोंडी विचारलं तर लोक नंतर ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणतात. निम्म्यावर बहुतेकांनी बरोबर नाव लिहिलं, तर त्यांनी दिलेलं पान उघडा. दोष तिथेच असतो, बहुधा एखाद्या वाक्यात. कुणालाच ओळखता आलं नाही तर पुढचा प्रश्न विचारा: आता उलगडा वाचल्यावर मागचे दोन धागे सांगता येतात का? येत नसतील तर धागे कमी पडले. एक-दोघांनी ओळखलं आणि बाकीच्यांनी ‘हे तर समोरच होतं’ म्हटलं, की जमलं.

सगळे वाचक एकाच वेळी खर्च करू नका. ज्याला गुन्हेगार कळला तो त्या पुस्तकाचा चाचणी वाचक म्हणून संपला. दुरुस्तीनंतरच्या फेरीसाठी दोन जण राखून ठेवा.

यानंतर कामाचा क्रम ठरलेला आहे: रचनेचं संपादन, भाषेचं संपादन, अक्षरजुळणी आणि मांडणी, मग मांडलेल्या पानांवर मुद्रितशोधन. मुद्रितशोधन आधी उरकलं तर मांडणीत शिरलेल्या चुका तशाच राहतात. रहस्यकथेत आणखी एक धोका असतो. साक्षीदार मुद्दाम चुकीचा वार सांगतो, आणि तीच त्याच्या खोटेपणाची खूण असते; दक्ष मुद्रितशोधक तो वार ‘दुरुस्त’ करतो आणि रहस्य कोसळतं. म्हणून संपादकाला आणि मुद्रितशोधकाला ‘हेतुपुरस्सर चुका’ अशी वेगळी यादी पानांसकट द्या.

पायरी ३: कथांमधून गुप्तहेराची ओळख करून द्या

आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली एका वार्षिकांकात आली, पण होम्स घराघरात पोहोचला तो १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकातल्या लघुकथांमुळे. प्रत्येक अंकात कथा पूर्ण, पण गुप्तहेर तोच. एखादा अंक चुकला तरी वाचक तुटत नव्हता, आणि पुढच्या अंकाची ओढ कायम राहत होती. नव्या लेखकाला आजही यापेक्षा स्वस्त जाहिरात मिळणार नाही.

कादंबरीआधी किंवा तिच्यासोबत त्याच गुप्तहेराच्या तीन ते सात हजार शब्दांच्या दोन-तीन कथा लिहा. मासिकं, विशेषांक, संकलनं यांच्याकडे पाठवा. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’ या १९४१ पासूनच्या नियतकालिकात पहिल्याच प्रकाशित कथेसाठी स्वतंत्र सदर आहे. कथा देताना फक्त प्रथम प्रसिद्धीचे हक्क द्या आणि ते त्या एकट्या नियतकालिकाकडे किती काळ राहतील हे लिहून घ्या; सहा महिने ते एक वर्ष हे वाजवी. पुढे या कथांचा संग्रह काढायचा तर हक्क तुमच्याकडे असायला हवेत. कथा आधीच समाजमाध्यमावर टाकली असेल तर अनेक संपादक ती ‘पूर्वप्रसिद्ध’ धरतात, हेही लक्षात असू द्या.

पायरी ४: प्रकाशकाकडे पाठवण्याचा संच

पूर्ण संहिता कुणी न मागता पाठवू नका. संचात तीन गोष्टी असतात: एक पानाचं पत्र, दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं. प्रकाशकाचे स्वतःचे नियम असतील तर अर्थातच तेच पाळा.

पत्रात पुस्तकाचं नाव, प्रकार आणि लांबी, गुप्तहेराची एका वाक्यात ओळख, प्रकरण काय आहे ते तीन-चार वाक्यांत, संहिता पूर्ण असल्याची खात्री आणि दुसऱ्या पुस्तकाची स्थिती एवढं पुरे. मालिकेचा विचार असला तरी ‘हे पुस्तक स्वतंत्रपणे पूर्ण आहे’ असं स्पष्ट लिहा. पहिल्याच पुस्तकात गुन्हा अर्धवट सोडलेला असेल तर संपादक ते बाजूला ठेवतो.

सारांशात गुन्हेगाराचं नाव सांगा. हे नव्यांना पटत नाही. उत्कंठा टिकावी म्हणून ते शेवट झाकतात. सारांश हा संपादकाने उलगडा पक्का आहे की नाही हे तपासण्याचा कागद आहे. शेवट नसेल तर तपासायचं काय? कोणी, का, कसं, आणि गुप्तहेराला कशावरून कळलं, या चारही गोष्टी त्यात हव्यात.

कुठे, कधी, काय पाठवलं याची वही ठेवा. तीन महिने उत्तर आलं नाही तर एक सभ्य स्मरणपत्र पाठवा, त्यानंतर पुढे चला. साहित्यिक प्रतिनिधीमार्फत जात असाल तर त्याचं कमिशन लेखकाच्या उत्पन्नाच्या साधारण १५ टक्के असतं आणि ते उत्पन्न आल्यावरच कापलं जातं. वाचनशुल्क, नोंदणीशुल्क असं काही आधी मागणाऱ्यापासून दूर राहा. लेखकाकडूनच पैसे घेऊन छापणाऱ्यांचंही तसंच: छपाईसेवा विकत घेणं गैर नाही, पण ती सेवा आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असावं आणि हक्क लेखकाकडेच राहावेत. प्रकाशन म्हणायचं, खर्च लेखकाचा आणि हक्क प्रकाशकाचे, हा सौदा कधीच करू नका.

पायरी ५: करार

होम्सच्या पहिल्या कादंबरीचा संपूर्ण स्वामित्वहक्क डॉयल यांनी २५ पौंडांना विकला होता. त्या पुस्तकाच्या पुढच्या खपातून त्यांना काही मिळालं नाही. तरी होम्सवर पुढच्या कथा लिहिण्याची मुभा त्यांच्याकडे राहिली, आणि सगळं भाग्य त्यातूनच आलं. गुप्तहेरकथेच्या करारात सर्वांत मोलाची वस्तू कुठली, हे यावरून समजावं.

लेखनावरचा हक्क लिहिल्याक्षणी लेखकाचा होतो. लेखनहक्कांविषयीच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराला जोडलेल्या देशांमध्ये त्यासाठी नोंदणीची अट नाही. तेव्हा तुम्ही प्रकाशकाला जे देता तो परवाना असावा. करारात ‘हस्तांतर’ किंवा ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ असे शब्द दिसले तर थांबा. परवान्याला चार कुंपणं हवीत: कोणती भाषा, कोणता प्रदेश, कोणतं रूप आणि किती काळ. छापील, ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद, चित्रपट-मालिका ही रूपं वेगळी वेगळी लिहा. ज्या रूपात तो प्रकाशक काम करतच नाही, ते त्याला देऊ नका. श्राव्य पुस्तकांचा हक्क नवे लेखक सहज देऊन टाकतात, आणि रहस्यकथा तर ऐकायला फार चांगली असते.

त्यानंतर पात्राचं कलम. गुप्तहेर, त्याचे सहकारी, त्याचं जग यांचे हक्क लेखकाकडे राहतील आणि त्यांच्यावर पुढची पुस्तकं कुठेही प्रकाशित करण्याची मोकळीक असेल, असं वाक्य नसेल तर घालून घ्या. ‘पुढच्या पुस्तकाला पहिली पसंती’ हे कलम असलं तर चालेल, पण त्याला मुदत हवी: संहिता मिळाल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत प्रकाशकाने उत्तर द्यावं, नाहीतर लेखक मोकळा. पुढची ‘सर्व’ पुस्तकं बांधून घेणारं कलम नको. ‘स्पर्धा होईल असं लेखन करणार नाही’ या वाक्याने त्याच गुप्तहेराची लघुकथासुद्धा अडते. ते काढायला लावा.

रॉयल्टीची टक्केवारी वाचताना ती कशावर आहे ते आधी बघा. दर्शनी किंमत १०० धरली आणि १० टक्के दर्शनी किमतीवर असतील, तर प्रतीमागे १० मिळतात. तेच १० टक्के निव्वळ रकमेवर असतील आणि वितरकाला ५० टक्के सूट गेली असेल, तर मिळतात ५. कागदावर दोन्हीकडे ‘१० टक्के’च लिहिलेलं असतं.

हक्क परत मिळण्याची अट आकड्यांत लिहा. पूर्वी ‘पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल तर’ एवढं पुरायचं. आता ई-पुस्तक आणि मागणीनुसार छपाई (मागणी आली की तेवढीच प्रत छापणं) यांमुळे पुस्तक कायम ‘उपलब्ध’ असतं, आणि हक्क कधीच परत येत नाहीत. म्हणून ‘सलग १२ महिन्यांत अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाल्यास लेखकाच्या लेखी मागणीवरून हक्क परत’ असं हवं. हिशेब वर्षातून किमान एकदा, ठरलेल्या महिन्यात, छापलेल्या, विकलेल्या आणि परत आलेल्या प्रतींच्या आकड्यांसह मिळेल हेही लिहून घ्या. सही करण्याआधी पुस्तकव्यवहार जाणणाऱ्या वकिलाला एकदा दाखवणं स्वस्त पडतं.

पायरी ६: स्वतः प्रकाशित करत असाल तर

संहिता युनिकोडमध्येच हवी. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर छापील पानावर सुंदर दिसतो, पण ई-पुस्तकात त्याची निरर्थक चिन्हं होतात. रूपांतर केलं तर र्‍हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागतात. ई-पुस्तकासाठी ‘ईपब’ फाइल करा, पीडीएफ नको. फोनवर अक्षर मोठं करता आलं नाही तर वाचक पुस्तक सोडतो. फॉन्टचा परवाना छपाई आणि ई-पुस्तक दोन्हींसाठी आहे का ते पाहा. नोटो सेरिफ देवनागरीसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट निर्धास्त वापरता येतात. देवनागरीत वर-खाली मात्रा असल्याने ओळींमध्ये जागा जास्त लागते: ११ किंवा १२ पॉइंट अक्षराला १६ ते १८ पॉइंटचं अंतर ठेवा.

आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक २००७ पासून १३ अंकी आहे, आणि प्रत्येक रूपाला वेगळा लागतो: कागदी बांधणीला एक, पुठ्ठा बांधणीला दुसरा, ईपबला तिसरा. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवरच्या ई-पुस्तकाला तो सक्तीचा नाही. विक्रीसंकेतस्थळाने फुकट दिलेला क्रमांक इतरत्र वापरता येत नाही, तेव्हा बाहेरही विकायचं असेल तर स्वतःचा घ्या.

छापील पुस्तकासाठी ५.५ बाय ८.५ इंच, म्हणजे डेमीच्या जवळचा आकार, या प्रकाराला शोभतो. ऑफसेटवर छापत असाल तर पानं १६ च्या पटीत बसवा, म्हणजे फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले १६ पानांचे गठ्ठे) पूर्ण होतात: २४० पानांचे १५ फर्मे. २४३ पानं झाली तर पुढच्या फर्म्यातली १३ कोरी पानं तुम्ही विकत घेता. कण्याची रुंदी पानांवरून निघते. किंडलच्या मागणीनुसार छपाईत क्रीम कागदाला प्रत्येक पानामागे ०.००२५ इंच धरतात, म्हणजे २४० पानांना ०.६ इंच. मुखपृष्ठाच्या एकसंध फाइलची रुंदी मग ५.५ + ०.६ + ५.५ आणि दोन्ही कडांना कापणीसाठी ०.१२५ इंच जादा जागा, म्हणजे ११.८५ इंच, उंची ८.७५. मुखपृष्ठकार बहुधा पानं नक्की व्हायच्या आधी कणा मोजतो, आणि मग कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर घसरतं. पानं गोठल्याशिवाय कणा मोजू नका. बांधणीकडचा समास १५१ ते ३०० पानांसाठी किमान अर्धा इंच हवा, नाहीतर ओळीच्या टोकाचे शब्द शिवणीत जातात. चित्रं ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके.

किती प्रती? बहुतेक नव्यांना १००० छापाव्याशा वाटतात, कारण प्रतीमागचा खर्च उतरतो. पण न खपलेल्या ७०० प्रतींचा खर्च कुठेच उतरत नाही. त्या खाटेखाली राहतात आणि कागद पिवळा पडतो. ५० ते १०० प्रती डिजिटल छपाईने काढा. त्या किती दिवसांत गेल्या ते पाहून पुढचा आकडा ठरवा.

पायरी ७: मुखपृष्ठ, मागचा मजकूर आणि नमुना

मुखपृष्ठ ई-दुकानात नखाएवढं दिसतं. फोनवर अंगठ्याच्या रुंदीएवढं करून बघा. नाव वाचता आलं आणि प्रकार ओळखता आला तर ठीक. एक आकृती, एक ठिकाण, दोन-तीन रंग पुरे. पिस्तूल, रक्त, टोपी, धुकं, भिंग सगळं एकत्र घातलं की काहीच दिसत नाही. मालिकेचं नाव आणि क्रमांक पहिल्याच पुस्तकावर ठरलेल्या जागी टाका, आणि अक्षरलेखन असं निवडा की पाचव्या पुस्तकापर्यंत तसंच नेता येईल. किंडलसाठी आदर्श आकार १६०० बाय २५६० पिक्सेल. चित्र किंवा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला असेल तर किंडलवर पुस्तक चढवताना तसं कळवावं लागतं.

मलपृष्ठावरचा मजकूर १२० ते १८० शब्दांचा. पहिल्या वाक्यात गुप्तहेर आणि त्याची अडचण, मग अशील काय मागतो, मग ती मागणी सरळ नाही हे कशावरून कळतं. पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडचं काही सांगू नका. ‘खिळवून ठेवणारी’, ‘श्वास रोखून धरायला लावणारी’ ही विशेषणं सगळ्याच पुस्तकांवर असतात, त्यामुळे ती कुणी वाचत नाही.

ई-पुस्तकाच्या नमुन्यात वाचकाला सुरुवातीचा साधारण दहावा हिस्सा फुकट दिसतो. २४० पानांत २४ पानं. त्यातली दहा प्रस्तावना, मनोगत, अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देशात गेली, तर गुप्तहेरासाठी १४ उरली. ऋणनिर्देश आणि मनोगत मागे न्या. अशील पहिल्या दहा पानांत दारात आलाच पाहिजे.

पायरी ८: विक्री

छापील पुस्तकाचं ढोबळ गणित असं: दर्शनी किंमत १००, वितरक आणि दुकानदार मिळून ४० ते ५५, छपाई २५ च्या आत. उरलेल्या २० ते ३५ मधून संपादन, मुखपृष्ठ, वाहतूक, परत आलेल्या प्रती आणि लेखक यांचं भागायचं असतं. छपाई ४० वर गेली तर दुकानांतून विकणं म्हणजे दर प्रतीमागे तोटा. मग थेट विक्रीच करा. दुकानात प्रती ठेवताना ‘विकल्यावर पैसे’ की ‘खरेदी’, परतीची मुदत किती आणि खराब प्रतीचा भार कुणावर, या तीन गोष्टी चलनावर लिहून सही घ्या. तोंडी ठेवलेल्या प्रतींचा हिशेब वर्षभराने कुणालाच आठवत नाही.

किंडलवरची ‘सिलेक्ट’ योजना घेतली तर ई-पुस्तक ९० दिवस दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. छापील पुस्तकाला ही अट नसते. त्या योजनेत वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात आणि रहस्यकथा शेवटपर्यंत वाचली जाते, म्हणून मालिकेच्या पहिल्या पुस्तकासाठी ती करून पाहायला हरकत नाही. मुदत आपोआप वाढते, तेव्हा तारीख टिपून ठेवा. शोधशब्दांसाठी सात जागा असतात. त्यात पुस्तकाचं नाव पुन्हा लिहून जागा घालवू नका. वाचक जे टंकेल ते लिहा: ‘खासगी गुप्तहेर मालिका’, ‘बेपत्ता माणसाचा शोध’, ‘खुनाचे रहस्य कादंबरी’.

प्रकाशनाच्या चार ते सहा आठवडे आधी २० ते ३० जणांना आगाऊ प्रत द्या. अभिप्राय प्रामाणिक असावा एवढंच सांगा आणि शेवट न फोडण्याची विनंती करा. पैसे देऊन, नातेवाइकांकडून किंवा ‘तू माझं, मी तुझं’ अशी अदलाबदल करून मिळवलेले अभिप्राय विक्रीसंकेतस्थळं काढून टाकतात, आणि खात्यावरही कारवाई होऊ शकते. परीक्षणासाठी छापील प्रत पाठवताना सोबत एक पानाचं टिपण ठेवा: पानं, किंमत, आयएसबीएन, मुखपृष्ठाची प्रतिमा कुठे मिळेल, आणि गुप्तहेराची तीन ओळींत ओळख. ग्रंथालयांना विसरू नका. रहस्यकथा तिथे हातोहात फिरते, आणि पहिला भाग वाचलेले सभासद दुसरा भाग मागतात.

पहिलं पुस्तक बाजारात आणण्याआधी दुसऱ्याचा पहिला खर्डा तयार असणं उत्तम. दोन पुस्तकांत सहा ते नऊ महिन्यांचं अंतर वाचक धरून ठेवतो. दोन वर्षांनी तो गुप्तहेराचं नावही विसरलेला असतो. मधल्या काळात ईमेल देणाऱ्या वाचकांना त्याच गुप्तहेराची एक छोटी कथा मोफत द्या. तिची जाहिरात पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, उलगडा संपल्यानंतर लगेच करा. तेव्हा वाचक खूश असतो आणि त्याच्या हातात फोन असतो.

दुसरं पुस्तक आलं, की पहिल्याची ई-फाइल उघडून शेवटच्या पानावर दुसऱ्याचं नाव, मुखपृष्ठ आणि दुवा घाला, आणि पहिल्याची किंमत काही आठवड्यांसाठी उतरवा. दुसऱ्याच्या सुरुवातीला ‘याच गुप्तहेराची पुस्तकं’ अशी क्रमवार यादी छापा. मात्र दुसऱ्या पुस्तकाच्या संहितेत पहिल्यातल्या खुन्याचं नाव कुठे निसटलेलं नाही ना, हे छपाईआधी शोधून पाहा. अनेक वाचक मालिकेत दुसऱ्या पुस्तकापासून शिरतात आणि पहिलं नंतर विकत घेतात.